युद्ध, कर्फ्यू आणि बाळंतीण: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

टीव्हीवर गाझा, सुदान, युक्रेन दिसायला लागलं की आमच्याकडे प्रश्न सुरू होतात. विचारणारे जळगाव, धुळे, नंदुरबारचे: फौजींच्या घरचे, परदेशात मुलगी दिलेले, मदत गोळा करणारी मंडळं, आशाताई, आणि नुसतंच बघवत नाही म्हणून विचारणारे. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून तपासणी टाळू नका, एवढी एकच विनंती.

१. युद्धात बायका-मुलं बॉम्बगोळ्यांनीच जास्त मरतात ना?

बॉम्बने मेलेले दिसतात, मोजले जातात. न दिसणारी यादी बहुधा त्याहून लांब असते. रक्तस्राव थांबवायला कोणी नव्हतं म्हणून गेलेली बाळंतीण, जुलाबाने गेलेलं वर्षाचं पोर, छावणीतली गोवराची साथ, वीज गेल्यावर थंड पडलेल्या काचेच्या पेटीतलं सातव्या महिन्याचं बाळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गर्भारपणात किंवा बाळंतपणात दगावल्या. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश अशा देशांतल्या होत्या, जिथे संघर्ष चालू आहे किंवा सरकारी यंत्रणा मोडकळीला आली आहे. शंभरातल्या साधारण पंधरा गर्भवतींना काही ना काही गंभीर गुंतागुंत होते. ती शांततेतही होते, पण शांततेत १०८ येते.

२. आमच्या धडगाव-अक्कलकुव्यात बाया झोळीतून न्याव्या लागतात. मग आम्हीही ‘संघर्षग्रस्त’च नाही का?

नाही. सशस्त्र संघर्ष म्हणायला दोन बाजूंनी संघटित, सततचा शस्त्रांचा वापर लागतो. महाराष्ट्रात नक्षलवादाच्या संदर्भात नाव येतं ते गडचिरोली-गोंदियाचं, नंदुरबारचं येत नाही.

पण प्रश्न चुकीचा नाही. बाळंतीण दगावते ती तीन उशिरांमुळे: निघायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. सातपुड्यात पावसाळ्यात जे घडतं तेच सुदानमध्ये बाराही महिने घडतं. त्यामुळे उपायही सारखे निघतात. दिवस भरत आले की गर्भवतीला आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, हे आपल्याकडे आदिवासी भागातल्या ‘माहेरघर’ योजनेत होतं, आणि संघर्षाच्या प्रदेशांतही अशी प्रतीक्षाघरं चालवतात. नर्मदेवरचा तरंगता दवाखानाही त्याच विचारातला.

तुलना इथेच थांबवू. पुराने तुटलेला रस्ता पाणी उतरलं की उघडतो. नाक्यावर बंदूकवाला उभा असेल तर तसं होत नाही, आणि नर्सबाई गाव सोडून गेल्या तर त्या लवकर परत येत नाहीत.

३. दवाखान्यावर हल्ला करायला बंदी आहे म्हणतात. मग हल्ले होतात कसे?

बंदी आहे, आणि स्पष्ट आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम १८ नुसार जखमी, आजारी आणि बाळंतिणींवर उपचार करणाऱ्या नागरी रुग्णालयांवर हल्ला करता येत नाही. कलम १६ गर्भवतींना विशेष संरक्षण देतं. कलम १७ वेढा पडलेल्या भागातून बाळंतिणींना बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी समझोता करण्याचा प्रयत्न करावा असं सांगतं. कलम २३ नुसार पंधरा वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि बाळंतिणी यांचं अन्न, कपडे व शक्तिवर्धक औषधं जाऊ द्यायची असतात, पण तिथेही अटी आहेत. भारताने हे करार स्वीकारले आहेत आणि त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे आहे.

पळवाट कलम १९ मध्ये निघते. रुग्णालयाचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी होत असेल तर संरक्षण जातं, तेही आधी इशारा देऊन आणि वाजवी मुदत देऊन. ‘तिथे शस्त्रं होती’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येक हल्ल्यानंतर ऐकू येतं. तिथे जखमी सैनिकावर उपचार चालू असणं हे मात्र कारण होऊ शकत नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे.

मे २०२० मध्ये काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागातल्या प्रसूतिगृहात बंदूकधारी शिरले आणि बाळंतिणींना गोळ्या घातल्या. ९ मार्च २०२२ ला युक्रेनमधल्या मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. जानेवारी २०२५ मध्ये सुदानमधल्या अल फाशेरच्या सौदी प्रसूति रुग्णालयावरच्या हल्ल्यात ७० च्या आसपास माणसं गेली. आरोग्यसेवांवरच्या हल्ल्यांचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २२८६ मे २०१६ चाच आहे. कायदा कमी पडला असं आम्हाला वाटत नाही. तो मोडणाऱ्याला जाब विचारणारा कमी पडला.

४. रस्ता बंद आहे, गाडी येत नाही आणि कळा सुरू झाल्या. घरच्यांनी काय करायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

आधी फोन: १०८ किंवा १०२. गाडी येणार नसली तरी फोनवरून सूचना मिळू शकतात. गावात नर्सबाई, आशाताई, निवृत्त एएनएम (उपकेंद्राच्या नर्स), कुणीही शिकलेलं असेल तर बोलवा.

संघर्षाच्या प्रदेशात दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात एक छोटं पाकीट देतात. त्यात अंथरायचं प्लास्टिक, साबण, हातमोजे, न वापरलेलं ब्लेड, नाळ बांधायला दोरा आणि बाळाला गुंडाळायला सुती कापड असतं. हे सगळं आपल्या किराणा आणि मेडिकलच्या दुकानात मिळतं. आठवा महिना लागला की बांधून ठेवा.

हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. स्वच्छ जागेवर स्वच्छ प्लास्टिक किंवा धुतलेलं कापड. पोट दाबू नका, ओढाताण करू नका. बाळ आलं की लगेच कोरडं करा आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरा. रडलं नाही तर पाठ चोळा, तोंडातला चिकटा कापडाने पुसा. नाळ कापायची घाई नको: कोरं ब्लेड आणि स्वच्छ दोरा नसेल तर मदत येईपर्यंत न कापलेली बरी. नाळेवर राख, हळद, शेण, तेल, काहीही लावायचं नाही. चोवीस तास आंघोळ नाही, मग आजी कितीही रागावो. वार (प्लासेंटा) आपोआप पडू द्या, ओढू नका. पहिल्या तासात अंगावर पाजा.

पुढच्यापैकी काही दिसलं तर घरी थांबायचंच नाही, ट्रॅक्टर, बैलगाडी, बाज, जे मिळेल त्याने निघा: झटके येणं, डोळ्यांपुढे अंधारी आणि असह्य डोकेदुखी, बाळाऐवजी हात, पाय किंवा नाळ आधी दिसणं, कपड्यामागून कपडे भिजवणारा रक्तस्राव, अर्ध्या तासात वार न पडणं. रक्तस्रावाबद्दल पुढे प्रश्न ५ पाहा.

५. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायची गोळी असते म्हणे. घरात आणून ठेवू का?

गोळी आहे, मिसोप्रोस्टॉल. रुग्णालयात पहिली पसंती ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला असते, पण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, आणि जनरेटरला डिझेल नाही तिथे फ्रिज कुठला चालणार! म्हणून संघर्षाच्या प्रदेशात गोळीला महत्त्व आलं.

पण स्वतःहून आणून ठेवू नका. बाळ पोटात असताना ती घेतली तर गर्भाशय फाटू शकतं. जुळं असेल आणि दुसरं बाळ अजून आत असेल, तर तोच धोका. प्रशिक्षित हातातच ती गोळी शोभते. घरच्यांनी एवढं करावं: बाळाला अंगावर घ्यायला लावणं, लघवी करायला लावणं, उबदार ठेवणं आणि निघणं.

६. भीतीने दूध आटतं का?

आटत नाही. अतिशय ताणात दूध बाहेर यायला वेळ लागतो, तयार होणं थांबत नाही. बाई घाबरलेली, उपाशी, लोकांच्या गर्दीत अवघडलेली असते, बाळ ओढतं, येत नाही, रडतं, सासूबाई म्हणतात ‘दूधच नाही’, बाटली येते, बाळ ओढायचं कमी करतं, आणि मग खरोखर कमी होतं. छावण्यांमध्ये यावर उपाय म्हणून आडोसा केलेला एक तंबू फक्त पाजणाऱ्या बायकांसाठी ठेवतात. बसायला जागा, प्यायला पाणी आणि जवळ दुसरी पाजणारी बाई.

मध्यम कुपोषित आईलाही पुरेसं दूध येतं. तिला खाऊ घालणं हा उपाय आहे, बाळाला पावडर घालणं नाही. बंद झालेलं पाजणंसुद्धा वारंवार अंगाला लावून बऱ्याचदा परत सुरू करता येतं. काही दिवस ते दोन-तीन आठवडे धीर लागतो.

७. आमचं मंडळ युद्धग्रस्तांसाठी दूध पावडर आणि बाटल्या गोळा करतंय. कुठे पाठवायच्या?

कुठेच पाठवू नका. चांगल्या मनाने केलेलं हे काम बाळांच्या जिवावर उठतं. पावडरला उकळलेलं पाणी लागतं, बाटली उकळायला इंधन लागतं, आणि छावणीत दोन्ही नसतं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हा मदतकार्यातला मान्य निकष आहे, आणि कित्येक ठिकाणी तोही गाठता येत नाही. गढूळ पाण्यातली पावडर म्हणजे जुलाब (प्रश्न १०).

शिवाय आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अनाथालय वगळता कुणालाही शिशुदुधाची पावडर किंवा दूधबाटली दान करायला मनाई आहे. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर पूरग्रस्तांसाठी वाटली तरी हाच कायदा लागू.

पैसे द्या. नाहीतर साबण, सुती कापड, सॅनिटरी पॅड, झाकणाचे पाण्याचे डबे.

८. मग ज्या बाळाची आईच गेली, त्याने काय प्यायचं?

अपवाद आहे तो हाच. आधी दुसरी पाजणारी बाई शोधतात; आपल्या आज्यांच्या काळात जावेचं बाळ पाजणं नवीन नव्हतं. ते जमलं नाही तर पावडर द्यावीच लागते, पण ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली, त्या एका बाळापुरती, नियमित पुरवठ्याची आणि पाण्याची सोय करून. आणि वाटी-चमच्याने, बाटलीने कधीच नाही. वाटी धुता येते. बाटलीच्या बुचात काय साचलंय ते दिसत नाही.

९. कमी दिवसांचं बाळ, आणि वीज गेलेली. काही आशा असते का?

असते. आईच्या छातीला बाळ उभं बांधायचं, कातडीला कातडी, अंगावर फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितकं जास्त तितकं चांगलं. ‘कांगारू’ पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून ती सुरू झाली. पेटीला वीज लागते, आईला लागत नाही. बाबा, आजी, मावशीही बांधून घेऊ शकतात. श्वास अडखळत असेल, बाळ निळं पडत असेल किंवा ओढतच नसेल, तर मात्र एवढ्यावर भागत नाही. बांधलेल्या स्थितीतच दवाखान्यात न्या.

१०. छावणीतल्या मुलांना जुलाब इतके का होतात, आणि त्यात मुलं का दगावतात?

गर्दी, संडास कमी, पाणी घाण. मूल दगावतं ते अंगातलं पाणी-मीठ संपल्याने.

यावरचा उपाय युद्धाच्याच काळात मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला, आणि तो आपल्या देशात. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हातून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांखाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, पण ओआरएसचं पाकीट फाडताना त्यांचं नाव कुणाला आठवतं?

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. मीठ जास्त पडलं तर घातक, चव अश्रूंहून खारट लागायला नको. सोबत झिंक १४ दिवस, आणि अंगावरचं दूध चालू.

११. दंगा किंवा युद्धामुळे लसी चुकल्या. सगळं पहिल्यापासून करायचं?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दिलेला डोस वाया जात नाही. कार्ड हरवलं असेल तर मात्र शंका ठेवण्यापेक्षा पुन्हा दिलेला डोस बरा, त्याने अपाय होत नाही.

छावणीत पहिला मान गोवराच्या लसीचा, आणि तिथे नऊ महिन्यांची वाट न बघता सहा महिन्यांपासून देतात. असा लवकर दिलेला डोस नेहमीच्या हिशोबात धरत नाहीत. नवव्या महिन्याचा पुन्हा घ्यायचाच. हा बारकावा पुष्कळदा राहून जातो.

लसीसाठी बंदुका थांबवता येतात याला दाखले आहेत. १९८५ मध्ये एल साल्वाडोरच्या यादवीत तीन दिवस लढाई थांबली आणि मुलांना लसी दिल्या गेल्या. गाझामध्ये २५ वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाल्याचं निष्पन्न झालं. १ सप्टेंबरपासून ठरावीक तास लढाई थांबवून साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस पाजले.

१२. टीव्हीवर मुलांच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात, ती आपल्या अंगणवाडीतलीच का?

तीच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा. नंदुरबारमधल्या मोलगीची अंगणवाडी आणि सुदानमधल्या दारफूरची छावणी, पट्टी एकच.

तिथे शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं यांची तयार पेस्ट देतात, ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० उष्मांक. पाणी लागत नाही, हे तिचं मोठेपण. भूक नसलेलं, सूज आलेलं किंवा ताप-न्यूमोनिया असलेलं लाल पट्टीचं मूल मात्र घरी खाऊ घालून भरून काढायचं नसतं. एकदम भरपूर दिलं तर त्याचं हृदय दगा देऊ शकतं. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रातच न्यायचं.

१३. ‘मना भाऊ फौजमा शे. वहिनीले सातवा महिना लागना. ती रातभर जागस.’ काय करू?

दोन-चार रात्री झोप न येणं साहजिक आहे. दोन आठवड्यांवर गेलं, खाणं सुटलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, मरणाचे विचार आले, तर १४४१६ या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर बोला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. बातम्यांचे चॅनल घरात दिवसभर चालू ठेवू नका, हे सासऱ्यांना सांगायचं काम दिराचंच. तिला ‘रडू नको, बाळावर परिणाम होईल’ असं म्हणू नका. त्याने भीतीत भीतीचीच भर पडते. जवळ बसा, ऐका, तपासणीला सोबत जा.

१४. सायरन, ब्लॅकआउट झाला तर गर्भवतीने काय करायचं?

७ मे २०२५ च्या देशव्यापी मॉक ड्रिलनंतर भुसावळ-वरणगावकडून, म्हणजे आयुध निर्माणीच्या गावांतून, हा प्रश्न भरपूर आला. वरखाली होणारा सायरन म्हणजे धोका, एकसुरी म्हणजे धोका टळला. खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीशी बसा. अंधारात जिना उतरायची धावपळ करू नका, गर्भवतीला पडण्याचाच धोका जास्त. प्रश्न ४ मधलं पाकीट, माता-बाल संरक्षण कार्ड, चालू औषधं आणि पाण्याची बाटली एका पिशवीत दाराजवळ.

१५. स्फोटाजवळ होती, पण खरचटलंही नाही. तरी दाखवायचं?

हो, आणि त्याच दिवशी. बाहेरून काही न दिसता वार सुटू शकते. पोट कडक होणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं ही लक्षणं उशिरा येतात. निदान काही तास दवाखान्यात देखरेखीखाली ठेवतात. पाचव्या महिन्यानंतर नेताना उताणं झोपवू नका, डाव्या कुशीवर न्या. अपघात आणि मारहाण यांनाही हेच लागू.

१६. अत्याचार झाला असेल तर आधी पोलीस की आधी दवाखाना?

दवाखाना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी-खासगी कुठल्याही रुग्णालयाला मोफत प्रथमोपचार आणि उपचार द्यावेच लागतात. त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण पीडितेला तक्रार द्यायची नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. घड्याळ महत्त्वाचं: एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी शक्य तितक्या लवकर, तांबी पाच दिवसांपर्यंत.

गर्भ राहिलाच तर गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार अत्याचारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्याच नियमांत मानवी संकट, आपत्ती किंवा आणीबाणीत सापडलेल्या गर्भवतींनाही ही वाढीव मुदत आहे, फक्त ती परिस्थिती सरकारने जाहीर केलेली हवी. नुसता तणाव किंवा कर्फ्यू त्यात बसत नाही.

१७. बहीण आखातात आहे, आठवा महिना आहे आणि तिकडे तणाव वाढलाय. विमानाने आणू का?

आणायचं तर आजच ठरवा. बऱ्याच विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागतात आणि ३६ नंतर बसवतच नाहीत. २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’, २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’ने आपली माणसं आली, पण सरकारी विमानापर्यंतचा रस्ता बहुतेकांनी बसने, तासन्‌तास काढला. आठव्या महिन्यात तो प्रवास वेगळाच पडतो. दूतावासाकडे नावनोंदणी करून ठेवायला सांगा, तपासणीच्या कागदांचे फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये असू द्या.

१८. आणि बाळंतपण तिकडेच झालं तर बाळ भारतीय धरतात का?

आई किंवा वडील भारतीय असले तर धरतात, पण जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात व्हायला हवी. दूतावास बंद झाला, कागद जळाले, यात वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि काम लांबतं. म्हणून रुग्णालयाचा जन्माचा दाखला मिळाला की त्याच दिवशी फोटो इकडे पाठवा. पहिल्या लसींचा कागदही त्यासोबतच. इथल्या नर्सबाई प्रश्न ११ प्रमाणे पुढचं वेळापत्रक लावून देतील.